72 वर्षांच्या, डायबेटीस असलेल्या आईच्या गुडघ्यांना जळवा लावाव्यात का?

तुमच्या आईंना डायबेटीस आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे आणि गुडघेदुखीवर कुणीतरी जळवा लावायला सांगितल्यात. इन्फेक्शनची भीती कितपत खरी, असं तुम्ही विचारलंय. मी सर्जिकल वॉर्डात नर्स आहे. माझी आई असती तर मी नकोच म्हटलं असतं.

माझ्या सासऱ्यांनी गावाकडे घोट्याशी दोन जळवा लावून घेतल्या होत्या. शुगर त्यांनाही. चार दिवसांनी आमच्याकडे आले तेव्हा जेवण कमी झालेलं, नातवाला भलत्याच नावाने हाक मारत होते. ताप नव्हता. प्रवासाचा शीण असेल म्हणून आम्ही दोन दिवस घालवले. मग एका रात्री मोजा काढायला गेले तर तो कातडीला चिकटलेला. कोमट पाण्याने भिजवून सोडवला. आत जळूच्या चाव्याची तीन टोकांची खूण, आणि तिथून नडगीपर्यंत चढलेली लाल, गरम, टणक सूज. "अगं, दुखत नाही मला," म्हणाले. शुगरने पायाची जाणीवच गेलेली, दुखणार कसं? नऊ दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक द्यावं लागलं.

म्हाताऱ्या माणसाला इन्फेक्शनमध्ये ताप येईलच असं नसतं. जेवण सुटतं, बोलणं असंबद्ध होतं, तोल जातो. घरच्यांना ते वयाचं वाटतं.

जळूच्या पोटात एरोमोनास नावाचे जंतू असतात, रक्त पचवायला तिला ते उपयोगी पडतात. त्यामुळे स्वच्छ पाण्यात ठेवली, हळद लावली तरी ते जात नाहीत. तुटलेलं बोट जोडल्यावर प्लास्टिक सर्जनही कधीकधी जळवा लावतात, पण सोबत अँटिबायोटिक देतात. आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट हे अँटिबायोटिक या जंतूंवर सहसा चालत नाही, म्हणून घरात उरलेल्या गोळ्या देऊन थांबू नका. शिवाय जळूच्या लाळेत हिरुडिनसारखी रक्त गोठू न देणारी द्रव्यं असतात, त्यामुळे चावा तासन्‌तास वाहत राहतो. आईंच्या गोळीमुळे तो आणखी वाहील. ती गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

तुंबडी (कातडीला बारीक चिरा देऊन रक्त ओढणं) किंवा विद्धकर्म (दुखऱ्या जागी सुई टोचणं) सुचवलं तर सुई, ब्लेड तुमच्यासमोर नवीन पाकिटातून निघायला हवं. हिपॅटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावरही सात दिवस टिकतो, स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही. गुडघा बदललेला असेल तर त्याच्या आसपास सुई नकोच.

आणि जळवा लावून झाल्याच असतील तर पुढचे दहा दिवस रोज मोजे काढून पाय उजेडात बघा. लाली दिसली तर कडेने बॉलपेनने रेघ मारून लगेच डॉक्टरांना दाखवा. लाली रेघेबाहेर गेली तर रात्रीच हॉस्पिटल गाठा, आणि जळवा लावल्याचं सगळ्यात आधी सांगा. सासऱ्यांनी मोजा निघेपर्यंत ते आम्हाला सांगितलंच नव्हतं, आम्ही रागावू म्हणून.