वाफेवरची विक्रमादित्य, टर्बाइनवरची विक्रांत

प्रश्न : कारवारला विक्रमादित्य ही विमानवाहू नौका लांबून पाहिली. ती वाफेवर चालते आणि नवी विक्रांत गॅस टर्बाइनवर, असं का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : तुमच्या भागात गुऱ्हाळं आहेत, म्हणून तिथूनच सांगतो. चुलवाण पेटवलं की काहील लगेच उकळत नाही, जाळ घालणारा घामाघूम होतो. बॉयलरचं तसंच. मी नौदलात 14 वर्षं बॉयलर रूममध्ये होतो. थंड बॉयलरला वाफ धरायला तास जातात, घाई केली तर आतल्या विटांना तडे जातात. भट्टीच्या काचेतून ज्वाळेचा रंग पाहत उभं राहायचं, धूर काळा झाला की हवा वाढवायची.

विक्रमादित्य मूळची सोव्हिएत काळातली, तिला 8 बॉयलर. 2012 च्या चाचण्यांत त्यांतल्या बहुतेकांचं उष्णतारोधक अस्तर निकामी झालं. ते नीट करून 16 नोव्हेंबर 2013 ला ती आपल्या नौदलात आली. हवाई संरक्षणाची क्षेपणास्त्रं तर त्यानंतर बसली! एवढ्या मोठ्या जहाजाबाबत ही उणीव मला फार खटकली होती.

विक्रांतला एलएम-2500 जातीची 4 गॅस टर्बाइन आहेत, मिळून 88 मेगावॅट. त्यांत पाणी उकळावं लागत नाही, जळत्या इंधनाचा तप्त वायूच पाती फिरवतो. ती काही मिनिटांत सुरू होतात, माणसंही कमी लागतात.

विमानं मात्र दोन्हींवर सारखीच उडतात: कॅटापल्ट, म्हणजे विमान झटक्यानं पुढे फेकणारं यंत्र, नाही; धावपट्टीच्या टोकाला सुमारे 14 अंशांचा चढ. म्हणून मिग-29के या लढाऊ विमानाला वजन आवरण्यासाठी इंधन आणि शस्त्रं यांचा मेळ बसवावा लागतो.