उधारी थकलेली असताना नवे यंत्र घ्यावे का?

प्रश्न : भोसरीत माझे सहा कामगारांचे लेथ वर्कशॉप आहे. बहुतेक माल एकाच कंपनीला जातो. तिच्या ऑर्डरी सध्या सारख्या वर-खाली होतात आणि पैसे ९० दिवसांनी मिळतात. अशा वेळी कर्ज काढून सीएनसी (संगणकाने चालणारे) यंत्र घ्यावे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : तूर्त घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑर्डर घटली तरी हप्त्याची तारीख पुढे सरकत नाही. आधी उधारीकडे पाहा. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी खरेदीदाराने ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत, पैसे चुकते करायचे असतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, नसेल तर ती लगेच करा (ती विनामूल्य आहे, एजंटाला पैसे देऊ नका) आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. मोठ्या गिऱ्हाइकाला दुखावणे परवडत नाही, हे मी जाणतो; म्हणून पहिले पत्र सौम्य, पण तारीखवार थकबाकी दाखवणारे असावे.

दर शनिवारी वहीत पुढील आठ आठवड्यांची येणी आणि पगार, वीजबिल, पोलाद, जीएसटी ही देणी समोरासमोर मांडा. ९० दिवसांच्या उधारीत जीएसटी पैसे हाती येण्याआधीच भरावा लागतो, आणि अनेकांची गाडी तिथेच अडते. रिकाम्या पाळीत पंपाच्या शाफ्टदुरुस्तीसारखी रोखीची कामे घ्या. दुसरे गिऱ्हाईक त्यांतूनच जोडले जाते.