पेशींची 'आत्महत्या' की पेशीगळ?

घाटंजीकडच्या एका नर्सिंगच्या विद्यार्थिनीनं विचारलंय : "वर्गात अ‍ॅपॉप्टोसिस म्हणजे 'पेशींची आत्महत्या' असं शिकवलं. माझ्या मावशीला आमवात आहे. तिला समजावताना तो शब्द तोंडातून निघेना. दुसरा शब्द आहे का?"

ताई, निघाला नाही तेच बरं झालं. यवतमाळ जिल्ह्यात त्या शब्दाला घराघरातली माणसं चिकटलेली आहेत. उपमेसाठी तो हाताशी धरू नये. शिवाय तो अर्थानंही चुकतो. अ‍ॅपॉप्टोसिस म्हणजे नको असलेल्या पेशींनी ठरलेल्या रीतीनं मरणं. हे शरीराचं रोजचं काम आहे, त्यात घात कुठलाच नाही.

मूळ शब्दात तर मरणाचा उल्लेखही नाही. १९७२ साली केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी तो शास्त्रात आणला. सुचवला होता अ‍ॅबर्डीनमधले ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक यांनी. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ गळून पडणं, झाडावरून पान गळतं तसं. म्हणजे आपली पानगळच! पान गळण्याआधी सागाचं झाड त्यातला कस परत ओढून घेतं, देठाशी जागा बंद करतं, मग पान सुटतं. पेशीही तशीच आवरतं घेते : आक्रसते, तिच्या लहान लहान पुड्या होतात आणि शेजारच्या पेशी त्या गिळून टाकतात. सांडलवंड होत नाही, म्हणून सूजही येत नाही.

म्हणून मी 'पेशीगळ' म्हणेन. 'पेशीझड'ही चाललं असतं, पण आपल्याकडे झड म्हटलं की चार दिवस न उघडणारा पाऊसच आठवतो. 'गळती' नको, त्यात नुकसान आहे. नुसतं 'पेशीमृत्यू' म्हटलं तर गळणं आणि सडणं एकाच पोत्यात जातं. पऱ्हाटीवाल्या माणसाला पातेगळ आणि बोंडसड यांतला फरक सांगावा लागत नाही.

आमवातात हा फरक फार कामाचा आहे. निरोगी सांध्याचं आतलं अस्तर पेशींच्या एक ते तीन थरांचं, अगदी पातळ असतं. आमवातात तिथल्या पेशी गळायच्या थांबतात. 'आता गळ' हा निरोप बाहेरून पोचतो, पण फ्लिप नावाचं प्रथिन तो आतच दाबतं. वर टीएनएफसारखे सूज आणणारे संकेत त्यांना जगत राहायला बळ देतात. अस्तर जाड होत जातं आणि धुऱ्यावरचं तण वावरात शिरावं तसं कूर्चेवर आणि हाडावर चढून त्यांना कुरतडतं. या जाड थराला पॅनस म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ कापड.

आणखी एक प्रकार आहे, नेक्रॉप्टोसिस. 'गळ' हा निरोप पुढे नेणारं कॅस्पेज-८ हे विकर (एन्झाइम) अडलं की पेशी दुसऱ्या वाटेनं मरू शकते. तिच्या पडद्याला भोकं पडतात, आतलं सगळं बाहेर सांडतं आणि सूज भडकते. हे मरणही पेशीच्या आतल्या संकेतांनीच घडतं, पण याला गळ म्हणता येणार नाही. 'पेशीफूट' म्हणावं. आमवाताच्या सांध्यात जी गळ हवी ती अडते आणि जी फूट नको तिला वाव मिळतो.

मावशीला मात्र यातला एकही शब्द सांगू नका. म्हणा, "मावशी, तुझ्या सांध्यातली जुनी पानं गळून नाही राहिली. म्हणून तिथं दाटी झाली, अन् सूज उतरून नाही राहिली."