उपग्रह नव्हते तेव्हा वणव्याची नेमकी जागा कशी कळायची? टेहळे नुसती दुर्बीण घेऊन बसायचे का?

'नुसती दुर्बीण घेऊन' हे वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितोय. धूर दिसणं हा त्या कामातला सगळ्यात सोपा भाग. तो नकाशावर कुठे बसतो ते काढणं आणि खाली दरीतल्या माणसांना ते कळवणं, यात खरं कसब होतं. अमेरिकेबद्दल सांगतो.

1902 मध्ये आयडाहोत बर्था हिलवर मेबल ग्रे ही लाकूडतोड्यांच्या तळावरची स्वयंपाकीण शिडीने झाडावर चढून धूर शोधायची. पण खरा जोर आला तो ऑगस्ट 1910 नंतर. आयडाहो-मोंटानाच्या बाजूला दोन दिवसांत सुमारे 30 लाख एकर जंगल जळालं, निदान 85 माणसं गेली. मग पैसा आला, शिखरांवर टेहळणीची ठाणी आणि मनोरे आले.

ओरेगॉनमधल्या डब्ल्यू. बी. ऑसबोर्न या वन-कर्मचाऱ्याने 1911 च्या सुमारास फायर फाइंडर, म्हणजे आगीची दिशा मोजायचं यंत्र, तयार केला. पक्क्या स्टँडवर धातूची तबकडी, तिच्यावर गोल कापलेला नकाशा आणि नकाशाच्या बरोबर मध्यावर आपलं ठाणं. भोवती फिरणारी कडी: एका बाजूला बारीक फट, समोर घोड्याचा उभा ताणलेला केस. फटीतून बघत कडी फिरवायची, केस धुराच्या बुडाशी आला की दिशेचे अंश वाचायचे. बुडाशीच, कारण शेंडा वाऱ्याने कुठल्या कुठे जातो. बूड डोंगरधारेआड असेल तर तसं स्पष्ट सांगायचं, नाहीतर माणसं भलत्या ओढ्यात उतरतात. खिडकीचा खांब आड आला तर यंत्र रुळांवर बाजूला सरकवायचं.

सगळं अवलंबून मात्र मांडणीवर. तबकडी पाणसळीत हवी आणि शून्य खऱ्या उत्तरेला. होकायंत्रावर विसंबायचं नाही. तिकडे त्या काळी चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून वीस अंशांहून जास्त सरकलेली होती. ओळखीच्या शिखरांवर नेम धरून, नकाशावरच्या अंशांशी ताडून शून्य पक्कं करायचं. एक अंश चुकला तर 16 किलोमीटरवर जवळजवळ 280 मीटरचा फरक पडतो. दुसऱ्या ठाण्याचे अंश मिळाले की दोन रेषा जिथे छेदतात तिथे आग. त्या काटकोनाच्या जवळपास छेदल्या तर उत्तम. अगदी लहान कोनात छेदल्या तर छेदबिंदू कित्येक किलोमीटर पुढेमागे होतो.

आणि हे सगळं टेलिफोनशिवाय व्यर्थ. एकच जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार, परतीचा मार्ग जमिनीतून. तार झाडांना सैल अडकवायची, म्हणजे वर झाड पडलं तर ती सरकून खाली येते, तुटत नाही. शिखरावरच्या कोरड्या खडकात अर्थिंग लागत नाही, आवाज क्षीण येतो. ओल असेल तिथपर्यंत अर्थची तार उतरवावी लागे. वीज कडाडायला लागली की लाइनचा जोड काढायचा आणि काचेचे पाय असलेल्या स्टुलावर चढायचं. वीज कुठे पडली त्याचे अंश मात्र लिहून ठेवायचे, कारण वठलेल्या झाडात निखारा कित्येक दिवस धुमसत राहतो.

'आता उपग्रह आहेत, मनोरे काय करायचेत' म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. उपग्रह आगीची उष्णता टिपतो, तीही बहुतेकदा तो डोक्यावरून जाईल तेव्हा आणि मध्ये ढग नसतील तर. चांगला टेहळ्या आग झुडपाएवढी असतानाच धूर पकडतो. आपल्याकडे जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) काढून उपग्रहाच्या इशाऱ्याची वाट बघत बसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

अर्थात दाट धुरक्यात मनोराही आंधळाच. शिवाय 1935 पासून अमेरिकेत प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी 10 च्या आत आटोक्यात आणायचं धोरण होतं, त्यामुळे बऱ्याच जंगलांत वाळका पाला-लाकूड साचत गेलं, तो दोष मनोऱ्यांच्या माथी मारू नये.

दुर्बीण असायची, पण पहिली नजर नुसत्या डोळ्यांनीच टाकायची. धूर आहे की पावसानंतर दरीतून वर येणारं धुकं, एवढं पारखायला दुर्बीण.