जुना लेख काढून टाकू नकोस

प्रिय,

ज्या युद्धपटावर तू एवढं भरभरून लिहिलंस, तो पुन्हा पाहताना पोकळ वाटला, आणि आता जुना लेख काढून टाकायचा विचार आहे असं तू कळवलंस. काढू नकोस. त्याच्याखाली आजची तारीख घाल आणि नेमकं काय बदललं ते लिही.

माझंच सांगतो. 1998 साली स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ आला, तेव्हा मी वहीत लिहिलं होतं, ‘सुरुवातीची लढाई जबरदस्त, पण या दिग्दर्शकाच्या लेखी आपले ते चांगले आणि पलीकडचे ते वाईट.’ हे मत मी कितीतरी वर्षं छातीठोकपणे सांगत होतो. मग एकदा ओमाहा किनाऱ्याचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्य फ्रान्सच्या ज्या किनाऱ्यावर उतरलं तिथला, तो प्रसंग सावकाश पाहिला. जर्मन गणवेशातले दोन सैनिक हात वर करून शरण येतात, काकुळतीने काही सांगतात. अमेरिकी सैनिक त्यांना गोळ्या घालतात आणि वर त्यांच्या बोलण्याची थट्टा करतात. खाली सबटायटल नाही. मी ते बोलणं जर्मन धरून चाललो होतो. ते चेक भाषेतलं आहे. ‘मी जर्मन नाही, चेक आहे, मी कुणाला मारलेलं नाही,’ असं तो माणूस म्हणतोय. जर्मनीने व्यापलेल्या देशांतली माणसं जर्मन सैन्यात जबरदस्तीने ओढली गेली होती, हा इतिहास मला ठाऊक होता, तरी पडद्यावरचा माणूस मला ओळखता आला नाही. ज्याच्यावर मी एकांगीपणाचा आरोप करत होतो, त्याने हे पहिल्याच लढाईत दाखवून ठेवलं होतं. चित्रपटाच्या सुरुवातीला आणि शेवटी फडकणारा झेंडा मात्र मला आजही खटकतो. मत बदलतं तेव्हा ते सगळंच्या सगळं बदलतं असं नाही.

त्याच वर्षीच्या टेरेन्स मॅलिकच्या ‘द थिन रेड लाइन’बद्दल मी एका ओळीत ‘गवत फार’ असं लिहून मोकळा झालो होतो. पॅसिफिकमधल्या ग्वाडलकनाल बेटावरच्या टेकडीवर दोघांना पुढे पाठवतात, गोळ्या सुटतात, दोघं गवतात कोसळतात. शत्रू कुठेच दिसत नाही. मग ढग सरकतो आणि उतारावर ऊन पसरत जातं. मला लढाई हवी होती, म्हणून ते ऊन मला अडथळा वाटलं. दोन माणसं गेली आणि टेकडीला त्याचा पत्ताही नाही, हे कळायला मला स्वतःला काही माणसं गमवावी लागली.

दिग्दर्शकाबद्दल लिहिताना तर आणखी जपून. सॅम्युअल फुलर स्वतः ओमाहावर उतरलेला सैनिक. त्याचा ‘द बिग रेड वन’ 1980 साली निर्मात्यांनी कापून प्रदर्शित केला. काढलेला पाऊण तासाच्या आसपासचा भाग 2004 मध्ये परत जोडला गेला, पण तोवर फुलरला जाऊन सात वर्षं झाली होती. पहिली आवृत्ती पाहून ‘हा तुटक सांगतो’ असं म्हणणाऱ्यांनी दुसऱ्याच्या कात्रीचा दोष त्याच्या माथी मारला. तू कोणती आवृत्ती पाहिलीस, हे लेखात नोंदवत जा.

आता तुझ्या चित्रपटाकडे ये. तो पोकळ कुठे वाटला? पत्रात तू फक्त निकाल दिलास, प्रसंग सांगितला नाहीस. त्या वेळी तुला ज्या प्रसंगाने रडवलं होतं, तोच पुन्हा लाव, आणि मग जुना परिच्छेद व नवा परिच्छेद दोन्ही मला पाठव.

तुझा,
एक जुना प्रेक्षक