बारावीला पीसीएमबी घेतले आहे आणि सगळेच मागे पडले आहे. यातले काय सोडावे?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही बारावी विज्ञान शाखेत आहात, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतले आहे, सकाळी कॉलेज, दुपारनंतर क्लास आणि रात्री क्लासच्या चाचण्यांची तयारी असा दिवस जातो, तिन्ही विषयांची जर्नले, म्हणजे प्रयोगवह्या, अर्धवट आहेत, पहिल्या चाचणीत गणितात २५ पैकी ९ आणि जीवशास्त्रात १९ गुण पडले आहेत. नीट (वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा) द्यावी की सीईटी (अभियांत्रिकी, फार्मसी, कृषी यांसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा), की दोन्ही. एक वर्ष गॅप घ्यावा का. आणि घरी काय सांगावे, असे तुम्ही विचारले आहे. सव्वीस वर्षे एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले, त्या अनुभवावरून सांगतो.

गणिताचा आणि जीवशास्त्राचा असे दोन्ही ग्रुप ठेवले म्हणजे सगळे दरवाजे उघडे राहतात, असे दहावीच्या सुट्टीत बहुतेक पालकांना वाटते, आणि कागदावर ते खरेही असते. मात्र दिवसाचे तास वाढत नाहीत, त्यामुळे बारावीच्या दिवाळीपर्यंत दोन्ही दगडांवर पाय ठेवणाऱ्याची अवस्था नेमकी तुमच्यासारखी होते. तुमच्यात काही कमी आहे, असा अर्थ तुम्ही ९ गुणांवरून काढला असावा, असे तुमच्या लिहिण्यावरून वाटले. मला त्यात फक्त गणिताला मिळालेला वेळ दिसतो. म्हणून दिवाळीच्या आत एक दरवाजा स्वतःच्या हाताने बंद करा, असे मी सुचवीन.

कोणता दरवाजा, हे गुणांच्या रचनेवरूनच ठरते. एमएचटी-सीईटी, म्हणजे राज्याच्या सीईटीच्या, पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) ग्रुपला २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे असतात, म्हणजे निम्मा पेपर तुमच्या सर्वांत कच्च्या विषयाचा आहे. गणिताऐवजी जीवशास्त्र असलेल्या पीसीबी ग्रुपला तेच १०० गुण जीवशास्त्राचे, आणि नीटच्या ७२० पैकी ३६० गुणही जीवशास्त्राचेच. तुमचे जीवशास्त्र बरे आहे, गणित मागे आहे, आणि अभियांत्रिकीची ओढ असल्याचे तुम्ही कुठेही लिहिलेले नाही. तेव्हा पीसीएमची सीईटी या वर्षापुरती सोडून द्या आणि क्लासमध्ये तसे सांगून गणिताचे तास थांबवा. भरलेली फी परत मिळणार नाही, हे गृहीत धरा. ती वसूल करण्यासाठी तिथे जाऊन बसणे हा आणखी मोठा तोटा आहे.

बोर्डाचे गणित मात्र सोडू नका. ऐन वर्षात विषय बदलण्याच्या भानगडीत पडण्याची गरजही नाही. लेखी ८० आणि अंतर्गत २० अशा या विषयात उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्के लागतात, आणि तर्कशास्त्र, मॅट्रिसेस, लिनियर प्रोग्रॅमिंग, डिफरन्शिअल इक्वेशन्स अशी चार-पाच प्रकरणे पाठ्यपुस्तकातील उदाहरणांसह नीट सोडवली, तर आठवड्यातील तीन-चार तासांत तेवढे साधते. याचा आणखी एक फायदा असा की, उद्या मन बदललेच तर पुढच्या वर्षी सीईटी देऊन अभियांत्रिकीकडे वळता येते. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. शिवाय बारावी विज्ञाननंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि तिथून पुढे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाट आहेच. ती लांबची आहे, पण त्या वाटेने गेलेले माझे विद्यार्थी आज उत्तम काम करीत आहेत. दरवाजा बंद केला म्हणजे तो कायमचा भिंतीत गाडला, असे होत नाही.

नीटबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. चुकीच्या उत्तराला तिथे एक गुण वजा होतो, भौतिकशास्त्राचे १८० गुण आहेत आणि अकरावीचा अभ्यासक्रम तेवढ्याच जोमाने विचारला जातो. तुमची अकरावी कशी गेली, हे तुम्ही सांगितलेले नाही. पीसीबीच्या सीईटीत वजा गुण नाहीत आणि अकरावीचा भाग सुमारे २० टक्केच असतो. दोन्ही परीक्षांना जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हेच विषय असल्यामुळे नीटची तयारी करीत सीईटी देण्याने वेगळे ओझे पडत नाही, आणि बी.फार्मसी व कृषी पदवी या वाटा त्याच परीक्षेतून निघतात. पशुवैद्यकाला मात्र नीटच लागते. एमबीबीएसखेरीज सगळे हे हरलेल्यांचे शिक्षण, असा जो सूर अनेक घरांत लागतो, त्याकडे तुम्ही लक्ष देऊ नये.

आता जर्नलांचे. तुमच्या सगळ्या कामांत सर्वांत कमी श्रमात गुण देणारे काम हेच आहे, आणि नेमके तेच मुले सर्वांत शेवटी करतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र या प्रत्येक विषयात १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, म्हणजे ६०० पैकी ९०. जानेवारीत एकमेकांची जर्नले रात्रभर उतरवून काढण्याची प्रथा मी वर्षानुवर्षे पाहिली. एका वर्षी आमच्या प्रयोगशाळेत मीटर ब्रिजच्या (तारेवरून विद्युत रोध मोजण्याच्या) प्रयोगाची अज्ञात रोधाची कॉईल जळाली आणि आम्ही दुसरी बसवली. तरी नऊ मुलांच्या जर्नलमध्ये गेल्या वर्षीच्याच कॉईलचा रोध आला, तोही दशांश चिन्हानंतरच्या दोन अंकांपर्यंत एकसारखा. बहिस्थ परीक्षकांनी काही न बोलता त्यांच्यातील एकाला मीटर ब्रिजपाशी उभे केले आणि शून्यबिंदू शोधून दाखवायला सांगितले. जॉकी, म्हणजे तारेला टेकवायची टोकदार कळ, तारेवरून घासत नेऊ नये, टेकवून उचलावी, एवढेही त्याला ठाऊक नव्हते. प्रयोग झाला त्याच दिवशी घरी आल्यावर वीस मिनिटांत निरीक्षणे, आकडेमोड आणि आकृती लिहून टाकली, तर जर्नलही पूर्ण होते आणि तोंडी परीक्षेची तयारीही आपोआप होते. मागचे राहिलेले प्रयोग रविवारी दोन-दोन असे संपवा, आणि ज्या प्रयोगाला तुम्ही गैरहजर होता, तो पुन्हा करू देण्याची विनंती शिक्षकांना आत्ताच करा. नोव्हेंबरात कोणीही नाही म्हणत नाही. जानेवारीत प्रयोगशाळा सहायकसुद्धा चिडलेला असतो.

गॅपचे उत्तर सरळ आहे. बारावीची परीक्षा या वर्षी द्यायचीच. एखादा विषय राहिला, तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. उत्तीर्ण होऊनही गुण कमी वाटले, तर श्रेणीसुधार योजनेत पुन्हा बसता येते. बारावी पदरात पडल्यावर केवळ नीटसाठी एक वर्ष द्यावेसे वाटले, तर तो विचार निकाल हातात आल्यावर करता येईल. परीक्षेलाच न बसता गॅप घेतलेल्यांपैकी बहुतेकांना पुढचे वर्षही तितकेच जड गेलेले मी पाहिले.

तुम्ही विचारलेली नसली, तरी एक गोष्ट सांगतो. राखीव प्रवर्गातून प्रवेश घेणार असाल, तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज कॉलेजच्या शिफारशीसह याच महिन्यात करा, आणि नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र लागू असेल तर त्याची मुदत ३१ मार्चला संपते का, हे तपासून घ्या. माझ्या एका विद्यार्थिनीला सीईटीत उत्तम पर्सेंटाईल होते, परंतु वैधता वेळेत आली नाही आणि हातातली जागा गेली. त्यावेळी तिचे वडील महिनाभर कचेरीच्या पायऱ्या झिजवत होते.

राहिले घरचे. ‘मला झेपत नाही’ असे म्हणालात, तर घरच्यांना ते रडगाणे वाटेल आणि उत्तर म्हणून उपदेश मिळेल. त्याऐवजी एका कागदावर गेल्या आठवड्यातील प्रत्येक दिवसाचे तास लिहा: प्रवास किती, कॉलेज किती, क्लास किती, झोप किती आणि स्वतः बसून केलेला अभ्यास किती. त्याखाली २५ पैकी ९ आणि १९ हे दोन आकडे लिहा, आणि पीसीएममध्ये गणिताचे १०० गुण असतात, हेही लिहा. तो कागद वडिलांपुढे, शक्यतो जेवणानंतर, ठेवा. ते चिडले, तर तुमच्या कॉलेजमधील ज्या शिक्षकांना तुमचा अभ्यास ठाऊक आहे, त्यांना एकदा घरी फोन करायला सांगा. आम्ही असे फोन पुष्कळ केले आहेत आणि त्याचे कोणालाही ओझे वाटत नाही.