सर्व्हरवरील फाइल पुसूनही स्टोरेज ॲरेचा पूल भरलेलाच का दिसतो?

फाइल पुसल्याची खबर ॲरेपर्यंत (अनेक डिस्क एकत्र करून सर्व्हरला जागा पुरवणाऱ्या उपकरणापर्यंत) पोहोचलेलीच नसते, म्हणून मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमधला पूलचा, म्हणजे ॲरेवरील सामायिक जागेच्या वापराचा, आकडा खाली येत नाही. हा बिघाड नव्हे. फाइल पुसताना फाइल सिस्टिम केवळ स्वतःच्या नोंदीत ते ब्लॉक मोकळे दाखवते, परंतु थिन लनला (लागेल तशी जागा घेणाऱ्या, ॲरेने सर्व्हरला दिलेल्या आभासी डिस्कला) पूलमधून एकदा दिलेली जागा परत घेण्यासाठी होस्टने (म्हणजे सर्व्हरने) ॲरेला स्कझी अनमॅप ही ‘हे ब्लॉक आता नकोत’ असे सांगणारी कमांड पाठवावी लागते. त्यासाठी लिनक्सवर माउंट पॉइंट (फाइल सिस्टिम जिथे जोडली आहे त्या फोल्डरचा मार्ग) देऊन ‘एफएसट्रिम’ चालवावे. व्हर्बोज (तपशील दाखवणारा) पर्याय जोडल्यास किती जागेसाठी ट्रिम, म्हणजे जागा सोडण्याची सूचना, पाठवला तेही ते सांगते. व्हीएमवेअर या आभासी मशीन चालवणाऱ्या प्रणालीत तिची फाइल सिस्टिम व्हीएमएफएस ५ असल्यास ही कमांड हाताने द्यावी लागते, तर व्हीस्फिअर (व्हीएमवेअरचे सॉफ्टवेअर) ६.५ सोबत आलेल्या व्हीएमएफएस ६ मध्ये ती आपोआप, पण सावकाश जाते; तेव्हा आकडा लगेच उतरेल अशी अपेक्षा ठेवू नये. मात्र त्या लनचे जुने स्नॅपशॉट, म्हणजे ठरावीक क्षणीच्या स्थितीच्या जपलेल्या नोंदी, ॲरेवर असतील (आणि बहुधा असतातच), तर पुसलेले ब्लॉक त्यांनी धरून ठेवल्यामुळे अनमॅप होऊनही जागा सुटत नाही, म्हणून आधी स्नॅपशॉट किती दिवस राखले जातात ते तपासावे.